गाडीच्या कपाळावरच्या पट्ट्या

गल्लीत बातमी अशी होती की कवळीवाल्या काकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय. पुरावाही भक्कम होता. रोज संध्याकाळी काकू अंगणातल्या आपल्या जुन्या गाडीपाशी पाण्याची बादली घेऊन जातात, दोन नॅपकिन बुडवतात, पिळतात आणि गाडीच्या पुढच्या दोन्ही दिव्यांवर सुरकुती न पडू देता बसवतात. सकाळी उठल्यावर काढतात. समोरच्या घरात शिकवणी घेणाऱ्या क्लासवाल्या सरांनी हे खिडकीतून सलग चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "काकूंच्या गाडीला ताप आलाय," ते दुधाच्या दुकानात म्हणाले, "कपाळावर पट्ट्या ठेवतायत." दुकानातून बातमी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे पोचली तेव्हा ताप एकशेदोनवर गेला होता, आणि तिथून परत गल्लीत येईतो काकू गाडीशी बोलतात, अशी तिच्यात भरही पडली होती.

गाडीशी बोलतात हे तेवढं खरं. बाकी काकूंचं डोकं गल्लीतल्या सगळ्या डोक्यांपेक्षा जागेवर होतं. पट्ट्यांमागे तीस वर्षांचा अनुभव होता. तो भलत्या जागी लावला गेला होता, ही गोष्ट वेगळी. आणि ते कळायला खुद्द काकूंनाच सहा महिने लागले.

काकूंचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन डब्यातून पाठवतात. काकू त्यात प्लास्टर ओततात, तयार झालेल्या प्लास्टरच्या हिरड्यांवर मेणात एकेक दात रोवतात, मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून ते शिजवतात, घासतात, चकाकवतात. हे सगळं घराच्या मागच्या खोलीत चालतं. तिथे भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर शे-दोनशे प्लास्टरची तोंडं आ वासून बसलेली. नवखा माणूस आत गेला की आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो की काय, असं त्याला वाटतं. काकूंना मात्र ती संगत आवडते. "बोलत नाहीत, एवढा एक गुण त्यांच्यात आहे," असं त्या नवऱ्याकडे बघून म्हणतात.

नवरा म्हणजे मीटरकाका. सगळी नोकरी घरोघरचे पाण्याचे मीटर वाचण्यात गेली, म्हणून मीटरकाका. अजूनही कशाचा ना कशाचा आकडा सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गाडी त्यांनीच घेतली होती, सेकंडहँड, निवृत्त झाल्यावर, मोठ्या हौसेनं. तिसऱ्या दिवशी ती फाटकाच्या खांबाला घासली. खांब चुकीच्या जागी बांधलाय, असं काकांनी जाहीर केलं, आणि खांब काही हलेना तेव्हा गाडी चालवणं सोडून दिलं. वर्षभर गाडी धूळ खात उभी होती. मग एक दिवस, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, काकू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आल्या.

त्याचं कारण असं, की पंचवीस वर्षं कवळ्या करूनही काकूंनी एकही तोंड पाहिलेलं नव्हतं. डब्यातून माप यायचं, डब्यातून कवळी जायची. ती कुणाच्या तोंडात गेली, नीट बसली का, तो माणूस हसला का, काही कळायचं नाही. तक्रार आली तरच पत्ता लागायचा. गाडी शिकल्यावर काकू डबे स्वतः पोचवायला लागल्या. डोंगरापलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी कोपऱ्यात एक स्टूल सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा, बघा तुमचं काम." त्या दिवशी एका आजीनं नवी कवळी घालून आरशात पाहिलं. आधी डावीकडून, मग उजवीकडून. मग ती आरशालाच म्हणाली, "अगं, होतीस कुठे इतके दिवस?" काकू घरी आल्या त्या जेवायचंच विसरल्या. तेव्हापासून दर गुरुवारी त्या डोंगर ओलांडतात. तिकडे बस जात नाही, आणि परतताना वळणांवर अंधारून येतं, दिवे लावावेच लागतात.

नेमकी दिव्यांचीच पंचाईत झाली होती. गाडी झाली वीस वर्षांची. दिव्यांवरची प्लास्टिकची झाकणं एके काळी काचेसारखी होती, ती आता पिवळट आणि धुरकट दिसायला लागली होती. मागच्या पासिंगला, म्हणजे गाडी रस्त्यावर आणायच्या लायकीची आहे की नाही ते सरकारी साहेब तपासतात तेव्हा, साहेबांनी शिक्का मारता मारता दिव्यांकडे बोट दाखवलं होतं. "काकू, पुढच्या वेळी हे चालायचे नाहीत." नवे दिवे शोधले, पण त्या मॉडेलचे मिळणंच बंद झालेलं. जावई व्यवहारी माणूस. त्यानं आणि मीटरकाकांनी परस्पर ठरवून टाकलं: गाडी पास झाली तर ठीक, नाहीतर भंगारात, डबे कुरियरनं जातील.

"या वयात कशाला ती दगदग, आई," जावई म्हणाला.

काकूंनी त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि त्या मागच्या खोलीत निघून गेल्या. पासिंगला सात महिने होते.

दिवे घरच्या घरी घासून स्वच्छ करता येतात हे त्यांना क्लासवाल्या सरांनीच सांगितलं. सरांचं तोंड सकाळी साडेसहाच्या बॅचला उघडतं ते थेट झोपताना मिटतं, त्यामुळे त्यातून अधूनमधून उपयोगाचंही काही बाहेर पडतं. "टूथपेस्ट लावा, काकू. फडक्यानं खसाखसा घासा. लख्ख."

"टूथपेस्ट?" काकू म्हणाल्या. "मी गिऱ्हाइकांना कवळीलासुद्धा टूथपेस्ट लावू देत नाही. बारीक बारीक ओरखडे पडतात. तुम्ही लावलीत वाटतं तुमच्या गाडीला?"

सरांनी लावली होती. त्यांचे दिवे आठ दिवस बरे दिसले आणि मग आधीपेक्षा वाईट झाले. ते विषय बदलून निघून गेले.

काकूंनी मात्र काम रीतसर केलं. दिव्यांभोवतीच्या पत्र्याला कागदी चिकटपट्टी लावली. गॅरेजवाल्याकडून पाण्यात भिजवून वापरायचे वॉटर पेपर आणले, जाड, मध्यम, बारीक आणि अगदी रेशमासारखा. स्टूल टाकून गाडीसमोर बसल्या, एका हातात पेपर, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. आधी आडवं घासलं, मग उभं, मग परत आडवं, म्हणजे आधीचा ओरखडा पुरता गेला की नाही ते दिसतं. पिवळं पाणी ओघळत बंपरवरून खाली आलं. ते बघून मीटरकाका पायरीवरून म्हणाले, "दीड लिटर झालं."

"मोजत बसा. तुमच्या कवळीतूनही असंच निघालं होतं."

"माझी कवळी तू अजून नीट बसवलेली नाहीस. बोलताना टकटक वाजते."

"कमी बोला, म्हणजे कमी वाजेल."

शेवटी कवळीला लावतात तीच पांढरी पावडर आणि तेच लोकरीचं चाक. सूर्य मावळायच्या बेताला दिवे असे झाले की आतला बल्ब, त्यामागची चंदेरी वाटी, वाटीत अडकून कधीकाळी मेलेली एक माशी, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. मग काकूंनी आत जाऊन दोन ओले नॅपकिन आणले.

कारण घासून तयार झालेली कवळी कोरडी ठेवायची नसते. ती पाण्यात ठेवायची असते, गिऱ्हाइकाच्या तोंडात जाईपर्यंत आणि त्यानंतरही, तोंडाबाहेर असेल तेवढा वेळ. कोरडी पडली की बिघडते. तीस वर्षांत काकूंनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. दिवे वीस वर्षं कोरडेच राहिले, बिघडतील नाहीतर काय? एवढा साधा विचार जगात कुणालाच कसा सुचला नाही, याचं त्यांना थोडं नवलही वाटलं.

चार महिने पट्ट्या चालू होत्या. चार महिन्यांनी एका सकाळी नॅपकिन उचलला आणि माशी दिसेना.

काकू बराच वेळ वाकून बघत राहिल्या. बोटानं पुसलं, फुंकर मारली. दिव्यावर दूध सांडून वाळल्यासारखा पापुद्रा आला होता. सर खिडकीतच होते. "ताप उलटला वाटतं, काकू?" काकूंनी वरही पाहिलं नाही. दुसरी एखादी बाई रडली असती किंवा गाडीला लाथ तरी मारली असती. काकूंना राग यायच्या आधी प्रश्न पडतो. कवळी सहा-सहा, आठ-आठ वर्षं तशीच राहते, मग हे चार महिन्यांत का?

त्या दिवशी प्लास्टरच्या तोंडांना सुट्टी मिळाली. काकू गॅरेजवाल्याकडे गेल्या आणि एक फुटका दिवा मागून आणला. मागच्या खोलीतल्या बारीक करवतीनं त्याच्या झाकणाच्या चार पट्ट्या कापल्या. चारही सारख्याच घासल्या, सारख्याच चकाकवल्या, आणि मापांच्या डब्यांवर डॉक्टरचं नाव लिहितात तशी प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. एक पट्टी कपाटात कोरडी. एक कपाटात पाण्याच्या वाटीत. एक गच्चीवर कोरडी. एक गच्चीवर पाण्याच्या पेल्यात.

"हे काय मांडलंयस?" मीटरकाकांनी विचारलं.

"बघते, खोटं कोण बोलतंय. पाणी की मी."

दोन महिने त्या रोज सकाळी गच्चीवर जात. पेल्यातलं पाणी आटलेलं असलं की भरत, पट्टी उचलून आभाळाकडे धरत, खाली येऊन कपाटातली तशीच धरत. इकडे पासिंग महिन्यावर आलं होतं, आणि जावयानं भंगारवाल्याचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. नंबर बघायला मिळाल्यामुळे मीटरकाका खूश होते.

दोन महिन्यांनी निकाल लागला. कपाटातल्या दोन्ही पट्ट्या लख्ख, ओली काय आणि कोरडी काय. गच्चीवरच्या दोन्ही धुरकट. पाण्याचा यात कुठेच संबंध नव्हता. काकू दोन्ही हातांत पट्ट्या घेऊन न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. तिथल्या अंधाऱ्या कोनाड्यात, पेल्यातल्या पाण्यात, नवऱ्याची कवळी होती. सहा वर्षांची, पण काल केल्यासारखी. त्यांनी ती उचलली.

"दे फगू," मागून मीटरकाका म्हणाले. दात नसले की त्यांचं बोलणं असंच पोचतं.

"थांबा."

"अगं, चहा गाव होतोय. दे."

"अहो," काकू कवळीकडे बघत म्हणाल्या, "तोंडात ऊन पडत नाही."

मीटरकाकांना काही समजलं नाही, पण कवळी बसल्यावर त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं फाटकापाशी सरांना सांगितलं, आणि हसता हसता कवळी दोनदा वाजली. सरांच्या तर हातात सोनंच पडलं. दुधाच्या दुकानात त्या दिवशी एकच विषय. "काकूंनी शोध लावलाय. तोंडात ऊन पडत नाही. दोन महिने गच्चीवर बसून लावला." पुढे आठवडाभर काकू रस्त्यात दिसल्या की सर चेहरा वर करून विचारायचे, "काय काकू, आज ऊन कसं आहे तोंडात?"

काकूंना उत्तर द्यायला सवड नव्हती. गाड्या रंगवणारा पेंटर बाजारामागच्या शेडमध्ये बसायचा. त्याच्यापुढे त्यांनी चारही पट्ट्या मांडल्या. तो पट्ट्या बघून हसला नाही. त्यानं हात पुसले आणि एकेक उचलून पाहिली.

"काकू, या प्लास्टिकला ऊन सोसत नाही. म्हणून कंपनी वरून पातळ थर देते, ऊन अडवायला. तो झिजून गेला की दिवा पिवळा पडतो. उरलासुरला तुम्ही घासून काढलात."

"म्हणजे मी त्याचा अंगरखाच काढून घेतला."

"आणि वर ओल्या पट्ट्या ठेवल्यात," पेंटर म्हणाला. बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती.

त्यानं ऊन अडवणारं पारदर्शक लॅकर दिलं. दोन पातळ हात, मध्ये सुकू द्यायचं, धूळ बसू द्यायची नाही, पूर्ण दिवस बोट लावायचं नाही. काकू घरी आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं घासलं, आडवं, उभं, आडवं. पासिंग बुधवारी होतं. सोमवारी सकाळी त्यांनी अंगणात पाणी शिंपडलं, मीटरकाकांना शिंकायची बंदी केली आणि श्वास रोखून दोन हात मारले. लॅकर ओलं असताना दिवे असे दिसत होते की जणू आत्ताच कुणी डोळे उघडलेत. काकू आत जाऊन आडव्या झाल्या.

दुपारी बाहेर येऊन पाहतात तर डाव्या दिव्याच्या मधोमध अंगठ्याचा ठसा. असा स्पष्ट, की रेघा मोजून घ्याव्यात.

"मी फक्त बघितलं सुकलंय का," सर फाटकाबाहेरून म्हणाले. त्यांनी हात पाठीमागे धरला होता.

काकूंनी वाकून ठशाच्या रेघा एकदा जवळून पाहिल्या. मग आत गेल्या आणि वॉटर पेपर घेऊन परत आल्या. सोमवार संध्याकाळ डावा दिवा पुन्हा नागडा करण्यात गेली आणि मंगळवार सकाळ त्याला पुन्हा कपडे चढवण्यात. मंगळवारी दिवसभर मीटरकाका फाटकापाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. भंगाराच्या बाजूनं मत दिलेला हा माणूस. पण सरांनी एकदा रस्ता ओलांडायचा विचार केला तेव्हा काकांनी हातातला पेपर नुसता घडी करून मांडीवर ठेवला, आणि सर माघारी फिरले.

"तुम्हाला काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. एकतीस पट्टे मारलेस तू डाव्या दिव्याला आज. परत मोजायला नको."

खरं तर काकूंच्या डोक्यात बुधवारपेक्षा गुरुवार जास्त होता. गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे एका म्हाताऱ्या पोस्टमनची कवळी बसायची होती. उभ्या जन्मात ज्याला गल्लोगल्लीच्या कुत्र्यांनी पळवलं, त्यानं निवृत्त झाल्यावर हट्टानं कुत्रा पाळलेला. पुढचे दात गेल्यापासून शीळ येईना, आणि शीळ ऐकल्याशिवाय कुत्रा येईना. मापाबरोबर डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पाठवली होती: "आजोबा म्हणतात, चावता नाही आलं तरी चालेल." काकूंनी पुढचे चार दात मेणात तीनदा काढून तीनदा बसवले होते. ती शीळ वाजते की नाही हे कुरियरवाला येऊन सांगणार नव्हता.

बुधवारी साहेबांनी ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवला, टायरांवर हात फिरवला. मग वाकले. उजवा दिवा पाहिला, डावा पाहिला, नखानं टिचकी मारली. सावलीतल्या भिंतीवर उजेड पाडायला लावला. दोन गोल, सारखे, स्वच्छ.

"नवे घातलेत?"

"नाही. तेच आहेत. घासले."

"कुणी घासून दिले?"

काकूंनी दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं वॉटर पेपरानं गुळगुळीत झाली होती. साहेबांनी हात पाहिले, परत दिवे पाहिले आणि शिक्का मारला. शेजारी उभ्या जावयानं खिशातून फोन काढला, बहुधा भंगारवाल्याला कळवायला, पण सासूची नजर बघून परत ठेवला. "चांगलं केलंत, आई," एवढं म्हणाला. त्याच्या मानानं ते भाषणच झालं.

गुरुवारी पोस्टमन आजोबांनी कवळी घातली, ओठ जुळवले आणि फुंकले. नुसती हवा आली. पुन्हा फुंकले, पुन्हा हवा. काकू स्टुलावरून उठल्या. कवळी हातात घेतली, दातांमागचा भाग केसभर घासला, अंगठ्यानं चाचपून पाहिला, धुऊन दिली. आजोबांनी तिसऱ्यांदा फुंकलं. शीळ आली, बारीक, जरा फाटकी, पण आली. दाराबाहेर पायरीवर झोपलेल्या कुत्र्यानं डोळे न उघडता एक कान उभा केला. मग दुसरा. मग तो उठला आणि ओल्या पायांनी डॉक्टरीणबाईंच्या धुतलेल्या फरशीवरून थेट आजोबांच्या खुर्चीपाशी आला. काकूंनी परतताना संबंध डोंगर दिवे लावून उतरला. उजेड होता तेव्हाही.

गाडी अंगणात लागली तेव्हा सर फाटकाशी उभेच होते. आज त्यांच्याकडे बातमी नव्हती, काम होतं. त्यांच्या स्वतःच्या गाडीचं पासिंग पुढच्या महिन्यात होतं, आणि तिचे दिवे टूथपेस्टनं कामातून गेलेले.

"काकू," ते म्हणाले, "आमच्याही गाडीला ताप आहे हो. जरा बघता का?" आणि मग सवयीनं, जीभ आवरली नाही म्हणून, पुढे म्हणाले, "ऊन काय म्हणतंय तोंडातलं?"

काकूंनी गाडीचं दार लावलं. दिव्यांवर जुनं कव्हर पसरलं, त्याची दोरी नीट बांधली आणि मगच सरांकडे वळल्या.

"रविवारी आणून लावा गाडी, दिवे करून देईन. आणि तोंडात ऊन पडत नाही म्हटलं होतं, सर, ते बाकीच्यांसाठी. तुम्ही कधी कवळी कराल तेव्हा आधी सांगा, तुमचीला वरून दोन हात लॅकर मारून देईन."